आईच्या झाडाच्या काड्या

१२ मे

धाकट्या बाईसाहेबांस,

शाळेत दुपारची सुट्टी संपली की सिस्टर दारात उभी राहून हात तपासायची, ते तुला आठवत असेल. आधी तळवे, मग पालथे हात. आंब्याच्या दिवसांत तुझ्या कोपरापर्यंत रसाचे ओघळ असायचे आणि ते पुसायला रुमाल माझा असायचा. एकदा पुसायचं राहिलं. सिस्टरने तुझं कोपर धरून विचारलं, "हे काय आहे?" तू पापणीही न हलवता म्हणालीस, "ताईचा आंबा आहे, सिस्टर. मी फक्त धरला होता." सगळी रांग खिदळली. तासभर व्हरांड्यात उभी राहिले ती मी. तू नऊ वर्षांची होतीस, मी बारा. खरं सांगायचं तर तेव्हा मला राग आला नव्हता. कौतुकच वाटलं होतं. निळ्या रिबिनी, एक वेणी वर, एक खाली, आणि चेहरा असा की आंबा या जन्मी पाहिलाच नाही.

आज हे आठवलं त्याला कारण तुझ्या वकिलांचं पत्र. काल टपालाने आलं. "आमच्या अशील यांच्या दिवंगत मातोश्रींच्या आवारातील मूळ आम्रवृक्ष" असं त्यात लिहिलंय. मला क्षणभर कळेना की हा कुठला वृक्ष. आपल्या घरात त्याला कुणी आंबासुद्धा म्हणत नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरचं ते आईचं झाड, बस.

पत्र मी तीनदा वाचलं, म्हणजे माझा काही गैरसमज झालेला नाही. तुझ्या बागेतला आंबा नवी जात म्हणून नोंदवायचा आहे. ती जात आईच्या झाडापासून आली असं तू शपथेवर लिहून दिलं आहेस. चोवीस जूनला नोंदणी कार्यालयाचा माणूस येऊन आईच्या झाडाची पानं नेणार, तुझ्या झाडांच्या पानांशी ताडून बघणार, आणि मी "माझी हरकत नाही" अशी सही करायची. आणि जातीच्या नावाच्या रकान्यात तू स्वतःचं नाव घातलं आहेस. आईचं नाही. बाबांचंही नाही, ज्यांनी जन्मभर या आवारात बसून लोकांच्या बागांसाठी कलमं बांधली. तुझं.

आईला पक्षाघात झाला त्याच्या पाचव्या दिवशी ट्रंक उचलून जी गेली, तिचं नाव आईच्या आंब्याला.

माझी हरकत आहे. सही मिळणार नाही. फाटकाला कुलूप असतं आणि किल्ली माझ्याकडे असते. झाड ठणठणीत आहे, त्याची काळजी तू करू नकोस. चाळीस वर्षं केली नाहीस, आता सवय मोडेल.

थोरली

२३ मे

वकिलांना मध्ये न घालता स्वतः लिहिलंस, बरं केलंस. पाच पानं. तुझं अक्षर अजून समासाला जुमानत नाही. सिस्टरने किती पट्ट्या मारल्या त्याच्यासाठी.

"तू अजून पायरीच आहेस, ताई, जरा बोट लागलं की फुटतेस," असं लिहिलं आहेस. बाबांचं वाक्य बाबांच्या पोरीवरच फेकायचं, हे तुला शोभतं. माणसांना आंब्याच्या जाती लावायची खोड त्यांची होती, तुझी नाही. आणि लावायचीच तर नीट लाव. पायरीची साल पातळ, मान्य. रस भरपूर, थोडा आंबूस, चोचीपाशी जरा दाबलं की हातावर येतो. ती दूर पाठवता येत नाही, वाटेतच सांडते. जिथे पिकली तिथेच खाल्ली तर तिच्यासारखी गोड तीच. मी जिथे पिकले तिथेच राहिले. तुला खायचं होतं तेवढं खाऊन तू गेलीस.

तुझी जात बाबांनी तुझ्या तोंडावर कधी सांगितली नाही, म्हणून मी सांगते. तू सातवीत बक्षीस आणलंस तेव्हा शेजारचे शिंपीमामा म्हणाले, "धाकटी म्हणजे हापूस आहे हापूस." बाबा हसले आणि म्हणाले, "हो. रंग, वास, घाट, सगळं पहिल्या नंबरचं. फक्त कापल्याशिवाय साका कळत नाही." तू विचारलंस, साका म्हणजे काय. त्यांनी विषय बदलला. तू आता बागवाली झालीस, तुला ठाऊक झालंच असेल. वरून डाग नाही, सुरकुती नाही, आणि आत गराच्या मध्यावर पांढरट, खरबरीत, आंबट गोळा. झाडावर कळत नाही, पेटीत कळत नाही. पानात वाढल्यावर कळतो.

स्वतःला ते लंगडा म्हणायचे. पिकला तरी हिरवाच, लोक पिवळा व्हायची वाट बघत बसतात आणि तोवर तो उतरून जातो. तेही तसेच गेले, आजारी आहेत हे कुणाला कळायच्या आत. बरं झालं, पुढचं बघायला राहिले नाहीत.

आईला मात्र कुठली जात लावता आली नाही त्यांना. म्हणायचे, ही कोयीतून आलेली, रायवळ. दोन रायवळ कधी सारखे नसतात, त्यामुळे तुलना करायची सोय नाही. तिचं झाडही तसंच. कुणी कलम केलेलं नाही, आपोआप उगवलेलं. मुठीएवढं गोल फळ, धागा नाही, साल कागदासारखी, आणि गोडीत शेवटी किंचित मिऱ्यासारखी झणक. तोडल्यावर दोन दिवसांपलीकडे टिकत नाही. बाजारात कधी गेलं नाही ते. या घराबाहेर त्याची चव फार तर वीस माणसांना माहीत असेल, त्यातली बरीचशी आता नाहीत.

तू लिहितेस, "काड्या तूच पाठवल्या होत्यास, मग आता हरकत कसली?" हो, पाठवल्या. कलमासाठी बारा काड्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून, वर "आईचं झाड" अशी चिठ्ठी बांधून, आईने सांगितलं म्हणून. तुझं पत्र आलं होतं, गेल्यानंतर दोन वर्षांनी पहिलंच. चार ओळींचं, त्यातल्या तीन ओळी काड्यांबद्दल. आईचं एका अंगाचं सगळं गेलेलं. मी शाळेतली नेमणूक सोडून घरी बसलेली. ज्या शाळेत शिकले तिथेच शिकवायला मिळणार होतं, सिस्टरने स्वतः बोलावलं होतं. तुझ्या चौथ्या ओळीत "सगळे बरे असाल" असं होतं.

आणि हे काय लिहिलं आहेस, "आठ वर्षं फळाची वाट पाहिली, एका शब्दाने तक्रार केली नाही." कुणाकडे करणार होतीस? कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी मोहरतं, तुझं आठव्या वर्षी मोहरलं, तर तुझ्या डोंगरापलीकडच्या मातीला विचार. मला विचारू नकोस.

थोरली

६ जून

काल तुमच्या नोंदणी कार्यालयातली बाई येऊन गेली. चोवीस तारखेच्या आधी झाड नुसतं बघून ठेवायचं होतं म्हणाली. मी कुलूप काढणार नव्हते. कलमवाल्या काकांनी काढलं. त्यांच्याकडे बाबांच्या वेळची दुसरी किल्ली आहे हे मी विसरले होते. तू ओळखणारही नाहीस आता त्यांना. दात गेले, जीभ तेवढी राहिली.

बाई तिशीची असेल. पायात मोठे बूट, खांद्यावर टेप. झाडाला दोनदा फेरी मारली आणि काकांना विचारलं, "किती वयाचं असेल?"

"माझ्याहून चार वर्षांनी लहान."

"आणि तुमचं वय?"

"ते झाडाला विचारा. त्याचं पाठांतर चांगलं आहे."

बाई हसली आणि वाकून बुंध्यापाशी बोट फिरवलं. बोटाला भुसा लागला. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, मुंग्या असतील. काका म्हणाले, "थोरल्या बाई, एवढ्या शिकल्यात आणि मुंग्या म्हणता?"

तेव्हा तुलाही सांगून टाकते, कारण ती सांगेलच. झाड ठणठणीत नाही. तीन वर्षं खोडकिडा आहे. तारा घालून अळ्या काढल्या, भोकांत औषधाचे बोळे भरले, काकांनी माती लिंपली. अर्धं झाड वाळलं आहे. खिडकीकडची एक फांदी जिवंत आहे, तिला या वर्षी एकोणीस फळं आली. पुढच्या वर्षाची खात्री काका देत नाहीत. बुंध्यावर बुक्की मारली की आतून रिकाम्या पिपासारखा आवाज येतो.

मग व्हरांड्यात बसून तिने तुझा अर्ज काढला. मी सरबत दिलं. वाचता वाचता म्हणाली, "तुमच्या बहिणीने लिहिलंय, काड्या बांधल्यापासून आठव्या वर्षी पहिलं फळ."

"असेल."

"नवल आहे. जुन्या झाडाची काडी इतकी थांबत नाही हो. तिच्यात वय असतं. नव्या खुंटावर, म्हणजे कोवळ्या रोपावर बांधली तरी ती स्वतःला म्हातारीच समजते, लगेच मोहरते. आठ वर्षं लावणारी काडी म्हणजे कधीच न फळलेल्या, पोरसवद्या झाडाची."

काकांना तेव्हाच खोकल्याची उबळ आली. पाणी दिलं तर नको म्हणाले.

"तिथली माती खडकाळ आहे," मी म्हणाले.

"माती एक वर्ष थांबवेल. फार तर दोन."

मी विचारलं, उगाच आपलं बोलायचं म्हणून, की पानं जुळली नाहीत तर काय होतं. तिने ग्लास खाली ठेवला. म्हणाली, अर्ज फेटाळतात. शपथेवर खोटी माहिती दिली अशी नोंद होते. मग त्या माणसाला कुठल्याच जातीचा अर्ज करता येत नाही, आणि त्याच्या रोपवाटिकेतून गेलेल्या एकेका कलमावर लोक बोट ठेवतात. "पण तुम्ही काळजी करू नका," म्हणाली, "तुमच्या बहिणीबाई खोटं लिहिणाऱ्यातल्या वाटत नाहीत."

तिला तुझी कोपरं कुठे माहीत आहेत.

ती गेल्यावर काका पायरीवर बसून राहिले. म्हणाले, "बोलायचं असेल तर चोवीसच्या आत बोला. नसेल तर मी मेल्यावर बोला, मला ऐकायला नको." मी त्यांना चहा केला नाही.

काल संध्याकाळी खिडकीकडच्या फांदीच्या चौदा काड्यांची पानं खुडली. देठ ठेवून, बाबा करायचे तशी. यावरून काही अर्थ काढू नकोस. हाताला चाळा लागतो.

थोरली

१२ जून

पत्र आलं नाही तुझं. वकिलांचंही नाही. बरंच झालं. मध्ये कुणी बोललं तर मला हे लिहिणं जमणार नाही.

शाळेच्या चॅपलमध्ये कन्फेशनची ती लाकडी पेटी होती. तिथे जायची परवानगी फक्त त्या धर्माच्या मुलींना. आपण दोघी मागच्या बाकावरून बघायचो. मुली आत जाताना पाय ओढत जायच्या आणि बाहेर येताना उड्या मारत. तू म्हणायचीस, "ताई, आत खाऊ देत असतील." मला मात्र हेवा वाटायचा. इतक्या वर्षांनी मी स्वतःच पेटी मांडून बसले आहे, आणि जाळीपलीकडे बसवायला मिळालीस तू. नशीब बघ.

तुझ्या काड्या आईच्या झाडाच्या नव्हत्या.

धुण्याच्या दगडामागे, भिंतीच्या सावलीत, एक झाड उगवलं होतं. तू त्या दगडावर बसून आईच्या झाडाचे आंबे खायचीस आणि कोय मागे टाकायचीस. घरात तिथे बसून खाणारी तू एकटी. त्यातली एक रुजली. कुणी पाणी घातलं नाही, कुणी लक्ष दिलं नाही. तू काड्या मागितल्यास तेव्हा ते सहा वर्षांचं होतं, माझ्या डोक्याच्या जरा वर. एकदाही मोहरलेलं नव्हतं. आणि कोयीचं झाड आईवर जाईल असा भरवसा नसतो. बाबा म्हणायचे, शंभर कोयी लावा, नव्याण्णव आंबट, धागेवाले, वासाला टर्पेंटाइन. तुला तसलं मिळावं असं मला वाटत होतं. तू वर्षानुवर्षं पाणी घालावंस, माणसं बोलावून पहिला आंबा कापावास आणि सगळ्यांची तोंडं वाकडी व्हावीत.

रागाच्या भरात झालं असं मी म्हणू शकले असते. दुसऱ्या कुणाला म्हणालेही असते. पण तू बाबांची मुलगी आहेस, तुला काडी तयार करायची रीत माहीत आहे. तोडायच्या दहा दिवस आधी पानं खुडावी लागतात, देठ तसेच ठेवून, म्हणजे डोळे फुगतात. मी आईच्या झाडाची पानं खुडली नव्हती. दगडामागच्या झाडाची खुडली होती. दहा दिवस रोज धुणं धुताना मी त्या काड्या बघत होते. देठ पिवळे पडून गळाले, डोळे टपोरे झाले. दहा दिवसांत मला कधीही मन बदलता आलं असतं. अकराव्या दिवशी मी सुरी घेऊन बाहेर पडले तेव्हा आई खिडकीतून म्हणाली, "चांगल्या चांगल्या बघून दे हं. तिला परक्या जमिनीत लावायच्यात." तिच्या तोंडातून तेव्हा शब्द धड फुटत नव्हते, हे एवढं वाक्य म्हणायला तिला बराच वेळ लागला. माझ्यासाठी चांगलं चांगलं बघून द्या असं त्या घरात कुणी कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. मी दगडाकडे वळले. खिडकीतून तो कोपरा दिसत नाही.

पुढचं तुला माहीत आहे असं तुला वाटतं, पण माहीत नाही.

आठ वर्षांनी तुझी पेटी आली. गवतात बसवलेले चोवीस आंबे. तळहातात न मावणारे, केशरी, कोय पातळ, धाग्याचं नाव नाही. वास तर पेटी उघडायच्या आधीच ओसरीत आला. मी एक कापला आणि आईच्या तोंडात काप दिला. ती बराच वेळ तो घोळवत राहिली. मग म्हणाली, "हा माझा नाही."

मी म्हणाले, जमीन वेगळी आहे, आई, पाणी वेगळं आहे.

ती माझ्याकडे बघत राहिली. कशी ते लिहीत नाही. मग म्हणाली, "तिला सांगू नकोस. तिला वाटू दे माझा आहे." आणि तोंड उघडलं. "अजून एक दे. छान आहे."

त्या दिवशी ती दोन आंबे जेवली. आदल्या महिन्यात अर्धी वाटी पेज जात नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी दगडामागे गेले. त्या वर्षी तेही झाड पहिल्यांदा धरलं होतं. चार कैऱ्या होत्या, पानांआड. भिंतीच्या सावलीत उशीर झाला असणार. मी काकांना बोलावून झाड तोडायला सांगितलं. ते म्हणाले, "फळ धरलंय, थोरल्या बाई. उतरू तरी द्या." मी म्हणाले, धुण्याला ऊन लागत नाही. कैऱ्यांसकट तोडलं. काका त्यानंतर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. म्हणजे तुझ्या जातीचं मूळ झाड जगात कुठे नाही. होतं, मी ठेवलं नाही.

दहा महिन्यांनी आई गेली. तू दोन दिवस उशिरा आलीस आणि ओसरीत चपला काढता काढता विचारलंस, "झाड कसं आहे?" त्यावर मी जे बोलले ते तुझ्या लक्षात असेलच. आपण शेवटचं बोललो ते तेच. तुला वाटलं मी आईवरून बोलते आहे. मी बोलत होते ते तुझ्या त्या पेटीवरून.

तीस वर्षं मी स्वतःला सांगत आले, आईनेच गप्प बस म्हणून सांगितलं, मी तिचा शब्द पाळते आहे. ढाल चांगली होती. पण ती मला सांभाळून घेत होती की तुला, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. तुलाही ठरवता येणार नाही, प्रयत्न करू नकोस.

माफीचा शब्द या पत्रात शोधू नकोस. चुकून आला असेल या भीतीने मी दोनदा वाचून काढलं. तू पाचव्या दिवशी गेलीस ते गेलीसच. माझ्या काड्यांनी ते फिटत नाही आणि तुझ्या जाण्याने माझ्या काड्या फिटत नाहीत. दोन्ही आहेत तसंच राहणार.

आणि तुझा आंबा आईच्या आंब्याहून सरस आहे. हे लिहायला मला पानभर जागा लागली.

थोरली

१७ जून

तुझा फोन आला तेव्हा काका जवळ होते म्हणून मी जास्त बोलले नाही. तूही बोलली नाहीस. तू रडत होतीस की सर्दी होती ते कळलं नाही. "का गं?" असं तू दोनदा विचारलंस. त्याचं उत्तर बाराव्या तारखेच्या पत्रात आहे, याहून वेगळं माझ्याकडे नाही. शेवटी "बघून घेईन तुला" म्हणालीस ते मात्र स्पष्ट ऐकू आलं. घे.

तपासनीस बाईंना मी काल स्वतः जाऊन भेटले. त्यांनी दोन वेळा पाणी दिलं, मग कागद पुढे केला. अर्ज चोवीसच्या आत दुरुस्त करता येतो, पण मूळ झाड ज्याच्या आवारात होतं त्याने लिहून द्यायला हवं. मी लिहून दिलं आहे. कोय आईच्या झाडाची, टाकणारी तू, काड्या काढून देणारी मी, खोटी चिठ्ठी बांधणारी मी, झाड तोडवणारी मी. साक्षीदार म्हणून काकांनी अंगठा न उठवता सही केली आणि ती सगळ्यांना दाखवत फिरले. कार्यालयात चार माणसं होती, त्यातल्या दोघीजणी माझ्या विद्यार्थिनी निघाल्या. आई गेल्यावर पुढे शाळेने मला घेतलं होतं, ते तुला माहीत नसेल. दोघींनी मान खाली घातली. माझ्या वर्गात कधी कुणी घातली नव्हती.

"आईच्या झाडापासून" ही तुझ्या अर्जातली ओळ खोडावी लागेल. नावाचा रकाना खोडू नकोस. तो आंबा तूच टाकलास, तूच वाढवलास. नाव बरोबर आहे.

खिडकीकडच्या फांदीच्या काड्या आज सकाळी काढल्या. आईच्याच आहेत. काकांना शेजारी उभं करून काढल्या, तुला विचारायचं असेल तर त्यांना विचार. पुढच्या वर्षी या झाडाला काडी असेल असं धरून चालू नये. तेव्हा आता नीट वाच.

चौदा काड्या आहेत. आठ तुझ्या. लाल दोऱ्याने बांधल्या आहेत. पोचल्या त्याच दिवशी बांध, दुसऱ्या दिवसावर टाकू नकोस. खुंट वर्षाचाच घे, जुना नको. या तिसऱ्या-चौथ्या वर्षी मोहरतील, तुला थांबावं लागणार नाही.

दोन तपासनीस बाईंच्या. त्यांच्याकडे जातींचा संग्रह आहे, त्यात आईची एक राहील. चिठ्ठीवर आईचं पूर्ण नाव लिहिलं आहे, तिच्या माहेरच्या आडनावासकट. ते मी तपासून घेतलं आहे.

तीन काकांच्या. ते इथेच आवारात बांधतील. जगली तर एक शाळेला द्यायची, मागच्या मैदानाकडे जागा आहे असं मुख्याध्यापिका म्हणाल्या. मी नसले तर हे तू बघायचंस.

एक जास्तीची आहे. एखादी तुटकी निघाली तर बदलायला, नाहीतर टाकून दे.

फळं एकोणीस होती. नऊ काकांनी आणि मी खाल्ली, दोन पाखरांनी. चार तपासनीस बाईंना दिली. तुझी चार डब्यात आहेत, वर्तमानपत्रात गुंडाळून. आज पाड लागलेली आहेत, परवा खायची, तेरवा चालणार नाहीत. एक नवऱ्याला दे, नातवंडांना दे, पण एक तरी तू एकटी खा.

बाबांची कलमाची सुरी मागू नकोस. ती मला लागते.

काड्या, फळं आणि निवेदनाची प्रत काकांचा भाचा गाडीने घेऊन येतोय. त्याला जेवायला घाल. तो लाजेल, दोनदा वाढ.

डबा पत्र्याचा आहे आणि माझा आहे. मला तो परत हवा आहे. टपालाने पाठवू नकोस, टपालवाले पोचे आणतात. भाच्याकडेही देऊ नकोस, तो विसरतो.